वरून घेतल्याचा फाऊल

शिट्टी वाजवली म्हणून पंचाला शिव्या बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण न वाजवलेल्या शिट्टीसाठी अख्खं गाव एखाद्या बाईच्या मागे हात धुऊन लागतं, हे पंचबाईंनी त्या आठवड्यात अनुभवलं. त्यांच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती आठ दिवस तिथेच मुक्कामाला होती.

पंचबाई हे मैदानावरचं नाव. एरवी त्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर काढायच्या, काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. अंगाने उंच, खांद्यात जराशा वाकलेल्या, तोंडाने फटकळ. शनिवार-रविवार आला की काळी पॅन्ट, करडा शर्ट आणि गळ्यात शिट्टी घालून शाळांच्या मुलींच्या बास्केटबॉल सामन्यांना उभ्या राहायच्या. नऊ वर्षं हे चाललं होतं. चष्म्याचं दुकान आणि पंचगिरी ही जोडी लोकांना भारी गमतीची वाटायची. निर्णय मनासारखा नसला की गॅलरीतून ठरलेला विनोद यायचा, बाई, आधी स्वतःचा नंबर काढा. हा विनोद करणारा प्रत्येक जण तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा हसायचा.

तर झालं ते एवढंच. उपांत्य सामना, शेवटचे नऊ सेकंद, लाल जर्सीवाल्या मुली एका गुणाने पुढे. पिवळ्यांच्या एका मुलीने लांबून चेंडू टाकला, तो रिंगच्या काठावर आपटून बाहेर आला. रिंगखाली दोघी होत्या. पुढे लालची भिंगरी, चणीने लहान पण पायात स्प्रिंग असलेली. तिच्या मागे पिवळ्यांची शिडी. शिडी हे नाव तिला वर्गातल्या मुलींनी ठेवलं होतं, आणि पंधराव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं लागत असेल तर दुसरं काय ठेवणार. भिंगरी शिडीच्या छातीइतकी. शिडी सरळ वर उडाली, भिंगरीच्या डोक्यावरून दोन्ही हात नेऊन तिने चेंडू हवेतच पकडला, खाली आली आणि परत उडून रिंगमध्ये टाकला. भोंगा वाजला. पिवळ्या एका गुणाने जिंकल्या.

"वरून! वरून घेतलं!" सगळी गॅलरी उठून उभी राहिली. लालचा कोच मैदानात धावत आला. दुसरा पंच मध्यरेषेजवळ होता. त्याने आपल्याला तिथून काही दिसलं नाही असं सांगून हात झटकले आणि पाण्याची बाटली उघडली. राहिल्या पंचबाई, शिट्टी ओठात धरून, न वाजवता.

आता हे वरून घेणं म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगितलंच पाहिजे, कारण सगळी आग तिथूनच लागली. रिंगवरून परत आलेला चेंडू पकडताना मागच्याने पुढच्याच्या डोक्यावरून हात घातला की फाऊल, असं तमाम लोकांना वाटतं. पालकांना वाटतं, कोचला वाटतं, सरबत विकणाऱ्यालाही वाटतं. असा फाऊल नाही. कधीच नव्हता. फाऊल होतो अंगाला अंग भिडल्यावर, आणि भिडून समोरच्याचं काही बिघडल्यावर. मागचा पुढच्याच्या पाठीवर चढला, खांदा दाबला, हात खाली ओढला, तर जरूर फाऊल. नुसती उंची वापरली तर तो खेळ आहे. उंच पोरीने काय हात घरी ठेवून यायचं? पण हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ असतो, सगळ्यांना ओरडायची घाई.

सोमवारी लालच्या कोचने समितीकडे तक्रार दिली. मंगळवारी त्याने स्वतः काढलेला मोबाईलवरचा व्हिडिओ घरोघरी पोचला, त्यात शिडीच्या हातांभोवती लाल गोल काढलेला. बुधवारी दुकानात एक निवृत्त पोस्टमास्तर नंबर तपासायला आले. तक्त्यासमोर बसून म्हणाले की मी शेवटची ओळ वाचतो, तुम्ही पडताळून बघा, दिसतेय ना तुम्हाला. पंचबाईंनी त्यांना मुकाट्याने चष्मा दिला आणि मनातल्या मनात बरंच काही दिलं. पंचबाईंचा नवरा शाळेची बस चालवायचा. त्याने घरी येऊन सांगितलं की पोरं बसमध्ये चढताना एकमेकांच्या डोक्यावरून दप्तरं ओढतात आणि वरून, वरून म्हणून बोंबलतात. सांगताना त्याला हसू येत होतं. बायकोचा चेहरा बघून ते त्याने गिळलं.

गुरुवारी मोठ्या सरांचा फोन आला.

मोठे सर म्हणजे समितीचे अध्यक्ष. अडुसष्ट वर्षांचे, ताठ, जिल्ह्यातले सगळ्यात जुने पंच. त्यांची शिट्टी एकदा वाजली की खेळाडू जागच्या जागी पुतळे व्हायचे. आजचे निम्मे पंच त्यांच्याच हाताखालून गेलेले, पंचबाईसुद्धा. सर फोनवर गोडच बोलले. म्हणाले, अगं, पंचाचा निर्णय समितीला बदलता येत नाही, हे तुला माहीतच आहे. पण पंचानेच चूक झाली असं लिहून दिलं तर सामना पुन्हा खेळवता येतो. मजकूर तयार आहे, चार ओळी. शेवटच्या क्षणी मागच्या खेळाडूने वरून चेंडू घेतला, तो फाऊल माझ्या नजरचुकीने राहून गेला. खाली तुझी सही. प्रकरण मिटलं, कोणाची अब्रू गेली नाही, आणि रविवारच्या फायनलला शिट्टी तुझी. आजवर फायनलला आम्ही बाई दिलेली नाही, ते तुला सांगायला नको.

आणि सही नाही केली तर, असं पंचबाईंनी विचारलं. सर म्हणाले की पुढच्या वर्षीची पंचांची यादी अजून व्हायची आहे. शनिवारी सकाळी अकराला ये.

फोन ठेवल्यावर पंचबाई काचेच्या कडा घासायच्या यंत्रासमोर बसल्या. एरवी हात चालला की त्यांचं डोकं शांत व्हायचं, त्या दिवशी काच फुटली. नजरचूक म्हणे. त्यांची सगळी पोटापाण्याची सोय नजरेवर, आणि शब्दही नेमका तोच शोधून काढला होता.

खरं दुखणं मात्र जुनं होतं. बावीस वर्षांपूर्वी पंचबाई स्वतःच शिडी होत्या. तेव्हा त्यांना खांब म्हणायचे. शाळेच्या संघात अकरा नंबरची जर्सी. रिंगवरून चेंडू परत आला की तो त्यांचाच, इतकी उडी. एका मोठ्या सामन्यात, उत्तरार्धाची सहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती, तोवर त्यांचे पाच फाऊल झाले. पाच झाले की खेळाडू बाहेर. पाचही वरून घेतल्याचे, आणि पाचही देणारे मोठे सर. तेव्हा ते नुसते सर होते, केस काळे होते. बाकड्यावर बसून डोक्यावर टॉवेल घेतलेल्या मुलीला गॅलरीतून कोणीतरी आडदांड म्हटलं. घरी आई म्हणाली, "बाळा, जरा वाकून खेळत जा." आईचा हेतू वाईट नव्हता. मुलगी वाकून खेळायला लागली, मग वाकून चालायला लागली आणि पुढच्या वर्षी खेळायचीच बंद झाली. आपण आडदांड आहोत, आपल्या अंगात दुसऱ्याला इजा करण्यासारखं काहीतरी आहे, हे तिने खरं धरून ठेवलं. तेरा वर्षं धरून ठेवलं.

तिशीला कधीतरी हौस म्हणून त्यांनी पंचांच्या परीक्षेला नाव दिलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की नियमांचं पुस्तक वाचायच्या. वरून घेतल्याचा फाऊल नेमका कोणत्या पानावर आहे, ते त्यांना सगळ्यात आधी बघायचं होतं. सापडेना. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. मग त्यांना वाटलं, आपल्या प्रतीतलं पानच गळालं असणार. दुसऱ्या एका उमेदवाराकडून त्याची प्रत मागून आणली आणि पानांचे आकडे जुळवत बसल्या. एकही पान गळालेलं नव्हतं. त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांमध्ये बसून त्या रडल्या. दुःखाने नाही, रागाने. ज्या गुन्ह्यासाठी आपल्याला बाहेर काढलं तो गुन्हाच अस्तित्वात नाही, हे कळल्यावर माणूस दुसरं काय करेल, तुम्हीच सांगा.

तरी सरांना त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. सरांच्या हातून प्रमाणपत्र घेतलं, वाकून नमस्कार केला. सरांना अकरा नंबर आठवत नव्हता, आणि त्यांनी आठवण करून दिली नाही.

शुक्रवारी दुपारी शिडी दुकानात आली. आजोबांच्या चष्म्याची दांडी मोडली होती. ती दारातून आत येतानाच मान खाली घालून आली, सवयीने. पंचबाईंनी तिच्याशी सामन्याबद्दल बोलणं योग्य नव्हतं, तक्रार चालू होती. त्यांनी दांडीचा स्क्रू काढला, दुसरा बसवला. शिडी काउंटरवरचा आरसा बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, सामना परत होणार का?"

पंचबाई म्हणाल्या की ते समिती ठरवेल.

"मावशी म्हणते, परत झाला तर रिंगखाली हात वर करूच नको. नुसती उभी राहा. म्हणजे कोणाला बोलायला जागा नको." मावशी म्हणजे तिच्या संघाची कोच. "मी लागले होते का हो तिला? मला तर कळलंच नाही. माझ्या लक्षातच येत नसेल का?"

पंचबाईंच्या हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर थांबला. हेच. अगदी हेच त्यांनी तेरा वर्षं स्वतःला विचारलं होतं. माझ्या लक्षातच येत नसेल का? त्यांना त्या पोरीला दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं. पण पंच होत्या, बोलता येत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसून डबीत घातला आणि एवढंच म्हटलं, "आजोबांना सांग, झोपताना चष्मा काढून ठेवा." शिडी गेली. दारातून बाहेर पडतानासुद्धा वाकूनच गेली, आणि दार चांगलं उंच होतं.

संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, सही करून टाक ना, काय बिघडतंय. चार ओळी तर आहेत. फायनल मिळतेय, तुझी किती वर्षांची इच्छा. पंचबाईंनी ताटातला घास ताटातच ठेवला. म्हणाल्या, "उद्या तुमच्या बसचा अपघात झाला आणि चूक नसताना तुम्हाला लिहून द्यायला सांगितलं, तर द्याल?"

नवरा विचारात पडला. बसचा विषय निघाला की तो मनापासून बोलायचा. म्हणाला, "अपघाताचं नको विचारू. मागून ठोकलं की डोळे झाकून मागच्याची चूक धरतात. गेल्या वर्षी ती पुढची गाडी रिव्हर्स येत येत माझ्यावर आदळली. मी जागचा हललो नव्हतो. तरी सगळे मलाच बोलायला लागले, कारण मी मागे होतो. शेवटी रस्त्यावरचे चाकांचे डाग दाखवले, तेव्हा गप्प बसले."

पंचबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खरकट्या हाताने तशाच उठल्या, हात धुतला आणि मोबाईल घेऊन बसल्या. तो व्हिडिओ त्यांनी आतापर्यंत वीस वेळा पाहिला असेल, आणि वीस वेळा त्या लाल गोलातच बघितलं होतं. यावेळी गोलावर अंगठा ठेवला आणि चाकांचे डाग बघितले. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

नवऱ्याने काय झालं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी आंधळी आहे. पोस्टमास्तर बरोबर बोलत होते." पण हे म्हणताना त्यांचा आवाज पाच दिवसांत पहिल्यांदा जागेवर होता.

शनिवारी अकराला त्या क्रीडा कार्यालयात पोचल्या. गॅलरीच्या पायऱ्यांखालची खोली, त्यामुळे छत एका बाजूने उतरतं. कपाटात धूळ बसलेले कप, भिंतीवर दोरीने लटकवलेला तक्ता, लांब टेबल. मधोमध मोठे सर, शेजारी सचिव, समोर लालचा कोच. कोच वाईट माणूस नव्हता. पोरींसाठी जीव टाकायचा, पण हरला की त्याला जगात सगळीकडे अन्यायच दिसायचा. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता, त्यावर पेनसुद्धा टोपण काढून ठेवलेलं.

सर म्हणाले, बस, दोन मिनिटांचं काम आहे. पंचबाई बसल्या नाहीत. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "सर, हा वरून घेतल्याचा फाऊल पुस्तकात कोणत्या पानावर आहे, तेवढं सांगा. पान सापडलं की मी सही करते."

सचिव हसला. कोच म्हणाला की शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट आहे, पान कसलं विचारता. सरांच्या कपाळावर आठी पडली. चाळीस वर्षं पंचगिरी केलेल्या माणसाला पान विचारायचं म्हणजे काय. त्यांनी मागच्या कपाटातून पुस्तक काढलं, चष्मा नाकावर सरकवला आणि धडाधड पानं उलटायला लागले. तो चष्मा पंचबाईंनीच करून दिला होता, जवळचं वाचायचा नंबर बरोबर होता, त्याबद्दल त्यांना खात्री होती.

फाऊलचा भाग आला. सरांनी बोटाने ओळी पाहिल्या. ढकलणे, धरणे, अडवणे. पान उलटलं. परत मागे गेले. सचिवाने मध्येच, असेल कुठेतरी सर, असं म्हटलं, सरांनी त्याला हाताने गप्प केलं. पंचबाईंना ते बघवेना. कारण पुढे काय होतं ते त्यांना माहीत होतं. आता ते शेवटच्या पानापर्यंत जातील, मग पहिल्यापासून सुरू करतील, मग वाटेल की पान गळालंय.

सर शेवटच्या पानापर्यंत गेले. मग पहिल्यापासून सुरू केलं.

"पान गळालेलं नाही, सर," पंचबाई म्हणाल्या. "मी मोजलीत."

कोच उसळला. पुस्तक गेलं खड्ड्यात, म्हणाला, डोळ्यांनी दिसतंय ते खरं का पुस्तकातलं खरं. व्हिडिओ आहे आमच्याकडे. त्याने मोबाईल टेबलावर आपटून उभा केला. पंचबाईंना तेच हवं होतं. त्यांनी पर्समधून दुकानातलं काळं झाकण काढलं. दांडीचं, पळीसारखं, एका डोळ्याचा नंबर काढताना दुसऱ्या डोळ्यावर धरतात ते. लाल गोलावर ते धरलं, म्हणजे हात, चेंडू, रिंग सगळं झाकलं गेलं आणि स्क्रीनवर फक्त दोघींचे कमरेखालचे भाग आणि पाय राहिले.

"आता चालू करा. वरचं काही बघू नका."

व्हिडिओ चालू झाला. शिडीचे पाय रंगवलेल्या पट्टीच्या काठावर, खांद्याइतके फाकलेले, स्थिर. पुढे भिंगरीचे पाय. चेंडू रिंगवर आपटल्याचा आवाज आला आणि भिंगरी मागे सरकली. एक पाऊल. पार्श्वभागाने शिडीच्या मांड्यांना धक्का. दुसरं पाऊल, आणखी जोरात. शिडी पट्टीवरून मागे ढकलली गेली, तिचा एक पाय उचलला गेला, तोल सावरून ती तशीच सरळ वर उडाली. कुठेही पुढे झुकली नाही. लागलं होतं ते तिलाच.

पुन्हा लावायला सांगावं लागलं नाही, सरांनी स्वतःच लावलं. तीनदा.

कोचचा आवाज आता बराच खाली आला होता. पुढच्याने जागा धरायची असते, म्हणाला, मीच शिकवलंय तिला, पाठ लावून मागच्याला रोखायचं.

"रोखायचं, ढकलायचं नाही," पंचबाई म्हणाल्या. "जागा घेतलीत तर ती तुमची. मागच्याची जागा तुमची नाही. पुढे उभा आहे म्हणून काहीही चालतं, आणि उंच आहे म्हणून सगळी चूक तिची, हे कोणी ठरवलं? पुस्तकाने तर नाही ठरवलं. लहान चणीची पोरगी पडली की सगळ्यांना कळवळा येतो, आणि उंच पोरीला धक्का बसला तर कोणाला दिसतसुद्धा नाही. पाच दिवस गाव त्या पोरीला नावं ठेवतंय. काल ती मला विचारत होती की माझ्या लक्षातच येत नसेल का. पंधरा वर्षांची पोरगी. लाज वाटली पाहिजे आपल्याला."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चढला होता.

मग पंचबाई खुर्ची ओढून बसल्या. तयार कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला, टोपण काढून ठेवलेल्या त्याच पेनने लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. "शेवटच्या नऊ सेकंदांत लाल संघाच्या खेळाडूने पाठीने ढकलून पिवळ्या संघाच्या खेळाडूला दोन पावलं मागे नेलं. तो फाऊल माझ्या नजरचुकीने राहून गेला. मी त्या वेळी पायांकडे पाहायला हवं होतं. मी हातांकडे पाहत होते." खाली सही केली, तारीख घातली.

"चूक लिहून हवी होती ना? ही घ्या. खरी आहे. नियम माहीत असूनसुद्धा मी वरच बघत होते, कारण गॅलरी 'वरून, वरून' म्हणून ओरडणार हे माहीत होतं. त्या ओरड्याचीच वाट बघत होते मी." कागद त्यांनी कोचकडे सरकवला. "आता तुमच्याच पोरीने केलेल्या फाऊलसाठी सामना परत मागणार असाल, तर मागा."

कोचने कागद वाचला. मग हळूच आपली तक्रार फाईलमधून काढून घडी घातली आणि खिशात ठेवली. निघताना दारात थांबून म्हणाला की भिंगरीला पाय जागेवर ठेवायला शिकवायला लागेल. हे तो पंचबाईंना म्हणाला की स्वतःला, ते कळलं नाही.

निकाल कायम राहिला. पण सचिवाने घसा खाकरला आणि सांगितलं की फायनलच्या पंचांची नावं काल संध्याकाळीच ठरली आहेत, सगळ्यांच्या सोयीने. तुमचं नाव त्यात नाही. एवढा गाजावाजा झाल्यावर तुम्हाला उभं करणं बरं दिसणार नाही. असंच होणार हे पंचबाईंना येतानाच ठाऊक होतं. म्हणजे सही केली असती तर बरं दिसलं असतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. ज्यांना उभं करताय त्यांना तेवढं पान विचारून ठेवा." सचिव फाईल घेऊन बाहेर गेला, बहुतेक हसू की रागावू हे ठरवायला.

खोलीत दोघंच राहिले. सरांच्या हातात पुस्तक अजून उघडंच होतं. पंचबाईंनी काळं झाकण पर्समध्ये टाकलं, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"सर, एक विचारायचं होतं. बावीस वर्षांपूर्वी याच मैदानावर तुम्ही एका मुलीला पाच फाऊल देऊन बाहेर काढलं होतं. सगळे वरून घेतल्याचे. अकरा नंबर."

सरांनी चष्मा काढला. त्यांच्याकडे बघितलं, पायांपासून वरपर्यंत, त्यांच्या उंचीपर्यंत.

"तू होतीस?"

"मी होते."

सरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. ते ताठ माणूस होते, पण त्या क्षणी खुर्चीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ दिसत होते. पाचही चुकीचे होते का, असं त्यांनी विचारलं. विचारताना ते पंचबाईंकडे बघत नव्हते.

बावीस वर्षं त्या या प्रश्नाची वाट बघत होत्या. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती, कोण तपासणार होतं. तेव्हा कोणी व्हिडिओ काढत नसे. पण पाचही फाऊल त्यांना तोंडपाठ होते, कोण पुढे होतं, चेंडू कुठून आला, आपले हात कुठे होते. त्यांनी पुन्हा एकदा पाचही मनातून काढून बघितले, यावेळी वरचं झाकून.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिसरा बरोबर होता. तिसऱ्याला माझा गुडघा लागला होता पुढच्या मुलीला."